मृग ते दसरा : काळ्या मातीतल्या वाटांचा इतिहास

युरोपातील थंड देशांत हिवाळा सुरू झाला की रात्रभर गाड्या फिरतात आणि रस्त्यांवर मीठ व वाळू पसरतात. गोठलेल्या रस्त्यावरून माणसाचा पाय आणि गाडीचे चाक घसरू नये, एवढ्यासाठी तेथील नगरपालिकांना दरवर्षी मोठी रक्कम राखून ठेवावी लागते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांना ही काळजी नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात भयंकर गारपीट झाली, तेव्हा इथली काही शिवारे पांढरीशुभ्र झाली होती. पण त्या गारांनी बुडवली ती पिके. रस्ते अडवणारी गोष्ट इथे वेगळी आहे, आणि गंमत म्हणजे मराठीत तिलाही 'गारा'च म्हणतात. आकाशातून पडतात त्या गारा, आणि पायाखाली कालवला जातो तो चिखलाचा गारा. मराठवाड्याचा रस्ता शतकानुशतके बंद पडत आला तो या दुसऱ्या गाऱ्यामुळे. तो उघडा ठेवण्याचे कष्ट कोणी उपसले, हा या लेखमालेचा विषय.

आधी माती समजून घ्यावी लागेल. गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेली काळी कसदार जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. पाणी मिळाले की ते फुगते, पाणी आटले की आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दोन-चार पावसांत त्याच भेगांतून पाणी खोल मुरून सगळी जमीन लोण्यासारखी होते. पायाला चिकटलेला चिखल पावलागणिक वाढत जातो. वहाण घालून चालणे अशक्य होते, म्हणून ती हातात घेऊन बोटे रुतवत चालावे लागते. बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते. ओल उतरली की तीच माती दगडासारखी कडक होते आणि चाकांनी पाडलेले खोल चर तसेच राहतात. ती चाकोरी. पुढच्या प्रत्येक गाडीला त्याच चरातून जावे लागते, बाहेर पडू म्हटले तर आस मोडतो. 'चाकोरीतले आयुष्य' हा शब्दप्रयोग आज कचेरीत बसून वापरला जातो, पण त्याचा जन्म अशाच गाडीवाटेवर झालेला आहे.

जुन्या वसाहतींची रचनाही हीच गोष्ट सांगते. मराठी गावाचे दोन भाग मानले जात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. घरे बांधायची ती थोड्या उंचवट्यावरच्या पांढऱ्या मातीत. काळ्या मातीत भिंत टिकत नाही हे एक कारण. आणि पावसाळ्यात निदान घराच्या दारात तरी पाय ठरावा, हा त्यातला सरळ व्यवहार. पण याचा परिणाम असा की एका गावाच्या पांढरीपासून दुसऱ्या गावाच्या पांढरीपर्यंतची सगळी वाट काळीतून जाई. पावसाळ्यात प्रत्येक गाव बेट होई. मृग निघण्याआधी मीठ-मिरचीपासून सरपणापर्यंत चार महिन्यांची बेगमी करून ठेवणे, हा सुगृहिणीचा गुण मानला गेला, त्यामागे ही भूगोलाची सक्ती होती.

ही सक्ती राजांनाही चुकली नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघण्याची प्रथा धार्मिक विधी म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परंतु तोफा, गाडे आणि हजारो बैलांचा तळ घेऊन काळ्या मातीतून चालायचे असेल, तर हस्ताचा पाऊस ओसरून जमीन आवळून येईपर्यंत थांबण्यावाचून इलाजही नव्हता. लातूर जिल्ह्यातील उदगीरची प्रसिद्ध लढाई पाहा. सदाशिवरावभाऊंनी निजामावर निर्णायक विजय मिळवला तो ३ फेब्रुवारी १७६० रोजी, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना त्या मोहिमेत होता. जुलैमध्ये तोच तोफखाना औसा-उदगीरच्या शिवारात कितपत हलला असता, याची कल्पना तेथे पावसाळ्यात एकदा पायी चाललेल्या कोणालाही येईल.

आणि नियम मोडला तर काय होते, त्याचे उदाहरण तीनच वर्षांनी घडले. १० ऑगस्ट १७६३ रोजी, भर पावसाळ्यात, आजच्या बीड जिल्ह्यातील राक्षसभुवनपाशी निजामाची फौज गोदावरी ओलांडत होती. निजाम अली नदीपार झाला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या फौजेसह दक्षिण काठावर राहिला. नदीला पूर होता. थोरल्या माधवरावांच्या सैन्याने त्या अर्ध्या फौजेला गाठले, विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पलीकडच्या तीरावरून मदत येऊ शकली नाही. इतिहासाच्या पुस्तकांत हा विजय माधवरावांच्या नावावर आहे, आणि तो योग्यच आहे. पण गोदावरीचा वाटाही त्यात लहान नव्हता.

व्यापाराचे काय? इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात पैठण आणि तगर या बाजारपेठांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे लातूरच्या शेजारचे, तेरणाकाठचे तेर. तेथील माल मोठमोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोच बंदरापर्यंत नेला जातो, असे तो सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी माणसाच्या लक्षात राहिली ती इथली संपत्ती, आणि इथे रस्ता नसणे. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए सुरतेहून गोवळकोंड्याला जात असे, त्या मार्गावर नांदेड होते. त्याने बैलांच्या तांड्यांचे वर्णन करून ठेवले आहे : एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल, धान्य किंवा मीठ लादलेले, अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की प्रवाशाला दोन-तीन दिवस थांबून राहावे लागे. हेच बंजारा समाजाचे पूर्वज. चाकाला रस्ता लागतो, बैलाच्या पाठीला लागत नाही, या एका गोष्टीवर त्यांचा सगळा व्यवसाय उभा होता. पुढे पक्का रस्ता आणि आगगाडी आली तेव्हा तो व्यवसाय कोसळला आणि तांडे स्थिरावले. नांदेड-लातूरच्या नकाशावर गावांच्या नावांपुढे आज दिसणारा 'तांडा' हा शब्द त्या कोसळण्याची खूण आहे.

आता मूळ प्रश्न. गावाच्या शिवेतली वाट कोणी राखायची?

गावगाड्यात याचे उत्तर ठरलेले होते, आणि ते सुखद नाही. गावातले रस्ते व चावडी झाडणे, वाटसरूला किंवा सरकारी माणसाला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत वाट दाखवणे, त्याचे ओझे वाहणे, टपाल पोचवणे, शिवेच्या खुणा राखणे ही महारकी होती. रात्र असो, पूर असो, हाक आली की निघायचे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या ग्रंथात अशा कामांची नोंद सापडते. मोबदला म्हणजे थोडीशी वतनी जमीन आणि खळ्यावरचे बलुते. पावसात ओढ्याला उतार कुठे आहे, कुठला चिखल माणूस गिळेल आणि कुठला तोलून धरेल, याचे ज्ञान ज्या माणसांकडे होते त्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी दुरुस्ती विधेयक मांडले, त्यामागे ही चोवीस तासांची बांधीलकी होती. निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यात वेठबिगारीची पकड तर अधिकच घट्ट होती.

सक्तीने रस्ते राखून घेणे ही केवळ इथलीच रीत नव्हे, हे सांगायला हवे. इंग्लंडमध्ये १५५५ च्या कायद्याने प्रत्येक गावकऱ्यावर वर्षातले चार दिवस रस्तादुरुस्तीचे बंधन घातले. १५६३ मध्ये ते सहा दिवस झाले आणि ही पद्धत १८३५ पर्यंत टिकली. लोक टाळाटाळ करत, उशिरा येत, खड्ड्यांत गवत-माती कोंबून घरी जात. फरक एवढाच की तिथे ओझे निदान कागदावर तरी सगळ्या गावावर होते. इथे ते जन्माने ठरत असे.

काळ्या मातीवरचा उपाय मात्र त्याच मातीच्या खाली पडून होता : दगड. स्कॉटिश अभियंता मॅकॲडम याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले की रस्त्याला अवजड पायाची गरज नसते. जमीन आसपासच्या पातळीहून थोडी उंच करावी, दोन्ही बाजूंना उतार द्यावा, आणि हाताने फोडलेली बारीक, कोनदार खडी थर देऊन दाबावी. खडीचे तुकडे एकमेकांत अडकून बसतात, पाणी बाजूला वाहून जाते, खालची माती कोरडी राहते. काळी माती कोरडी असेल तर उत्तम भार सोसते. प्रश्न फक्त पाण्याचा. मराठवाड्यात खडीच्या खाली मुरमाचा थर देण्याची पद्धत पडली ती याचसाठी. मुरूम पाणी पिऊन फुगत नाही आणि चिखलाला वर येऊ देत नाही. खडीवर चालून बैलांचे खूर झिजू लागले, तेव्हा खुरांना लोखंडी पत्री मारायचे कामही वाढले. थंड देशांत बर्फासाठी घोड्यांच्या नालांना टोकदार खिळे ठोकत. इथे दगडासाठी पत्री.

हैदराबाद संस्थानात आधी रूळ आले, मग रस्ते. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास मनमाडपर्यंत पोचली आणि नांदेड बारमाही वाहतुकीला जोडले गेले. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला आली. लातूरची गंजगोलाई १९१७ ची. एका गोलाकार चौकाला सोळा रस्ते येऊन मिळतात, ही तिची रचना आजही पाहणाऱ्याला थक्क करते. मात्र त्या सोळा रस्त्यांपैकी प्रत्येकाचे टोक अखेर कुठल्या तरी शिवारातल्या चाकोरीत जाऊन संपत होते. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेनेच २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन रस्ते-वाहतूक सुरू केली. सारे संस्थान आणि सत्तावीस गाड्या! मोटार चालेल असा रस्ता किती होता याचे उत्तर त्या आकड्यात आहे.

मग एवढी खडी फोडली कोणी?

इथे या इतिहासातली सगळ्यात विचित्र गोष्ट येते. पावसाने बंद होणारे रस्ते बांधले गेले ते पाऊस न पडलेल्या वर्षांत. दुष्काळ पडला की सरकारला लोकांना काम द्यावे लागे, आणि रस्त्याच्या कामाइतके सोयीचे काम दुसरे नव्हते. ते कुठेही काढता येते, त्याला कौशल्य लागत नाही, आणि फोडलेल्या खडीचा ढीग मोजून मजुरी ठरवता येते. खडी फोडणे बसून करण्याचे काम, म्हणून ते बायका, म्हातारे आणि अशक्त माणसांच्या वाट्याला येई. १८४६-४७ मध्ये आयर्लंडच्या दुष्काळात असेच रस्ते झाले. त्यांतले काही डोंगरात मध्येच संपतात, कारण ते कुठे जाण्यासाठी बांधलेलेच नव्हते. १८७६-७७ च्या दुष्काळात शेजारच्या मुंबई इलाख्यात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरेसा ठरवला. एवढ्यावर दिवसभर दगड फोडता येत नाहीत हे सांगायला कोणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती. हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली.

मराठवाड्याच्या आजच्या आजी-आजोबांना आठवतो तो १९७२ चा दुष्काळ. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता. १९८२ मध्ये तो उस्मानाबादमधून वेगळा झाला. मे १९७३ मध्ये राज्यभरच्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि खडी. अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी हे शब्द त्या पिढीच्या तोंडून अजून ऐकू येतात. मुकादमाने मस्टरवर नाव लिहायचे, सकाळपासून हातोडीने खडी फोडायची आणि ब्रासाच्या मापाने ती मोजून द्यायची. जमीनदार घरांतल्या स्त्रियाही त्या रांगेत बसल्या. एरवी जातीने वाटून दिलेले वाटेचे काम त्या एका वर्षापुरते भुकेने सगळ्यांना वाटून दिले. त्या काळात फुटलेल्या खडीचे काही ढीग पुढे कितीतरी दिवस रस्त्याकडेला तसेच पडून राहिले, कारण खडी फोडायला पैसा होता, पसरून दाबायला नव्हता.

या अनुभवातून जगात गाजलेला एक कायदा उभा राहिला. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे केलेल्या प्रयोगावर आधारलेली रोजगार हमी योजना दुष्काळानंतर राज्यभर रुजली. कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम मिळणे हा हक्क झाला. २००५ च्या केंद्रीय कायद्याचे मूळ इथेच आहे. टेंपलच्या एक पौंड धान्यापासून हक्काच्या कामापर्यंतचे हे अंतर शंभर वर्षांचे होते, आणि ते कापण्याचे श्रेय महाराष्ट्राला निःसंशय द्यावे लागते.

तरी रस्त्याच्या बाजूने पाहिले तर या योजनेत एक पेच राहून गेला. खर्चाचा किमान ६० टक्के भाग मजुरीवर आणि जास्तीत जास्त ४० टक्के साहित्यावर, असा दंडक होता. मजुरांसाठी तो न्याय्यच. पण काळ्या मातीतला रस्ता टिकतो तो मोरी, नळे, ओढ्यावरची फरशी आणि बाजूचे गटार यांच्या जोरावर, आणि हे सगळे साहित्य झाले. माती-मुरूम टाकून रस्ता तयार होई, पहिल्याच ओढ्याशी पाणी त्याला कापून नेई, आणि पुढच्या टंचाईत तेच काम पुन्हा निघे. ज्यांनी तो बांधला त्यांनाच पावसाळ्यात त्यावरून आजारी माणूस बाजेवर घालून न्यावा लागे. जिथे फरशी झाली तिथे दुसरा धोका आला. कमी उंचीच्या फरशी पुलावरून पुराचे पाणी वाहू लागते तेव्हा वरून ते गुडघाभर दिसते, पण त्याचा जोर गाडी उचलून नेण्याइतका असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या परिसरातील गावांना पुराने वेढले, तेव्हा बचावासाठी लष्कराला पाचारण करावे लागले.

राज्यमार्ग डांबरी झाले, २००० नंतर पंतप्रधान ग्रामसडक योजनेने अनेक गावे जोडली. राहिली ती पाणंद, किंवा या भागातल्या बोलीत पांदण : गावापासून शेतापर्यंतची वाट. ती ना जिल्हा परिषदेच्या रस्त्यांच्या यादीत, ना कोणाच्या सातबाऱ्यावर. गावकीची जुनी सक्ती गेली हे उत्तमच झाले. तिच्या जागी दुसरी कोणतीही व्यवस्था मात्र आली नाही. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दरवर्षी नांगराचे एकेक तास पुढे सरकवले आणि वाट आक्रसत गेली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. अडवलेली वाट मोकळी करून घेण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ आहे. तहसीलदारांसमोरचे हे दावे भावाभावांत आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत चालतात. २०२१ मध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, आणि तीही रोजगार हमीच्याच निधीशी जोडलेली होती.

कोणत्याही तलाठी कार्यालयात गावाचा जुना नकाशा मागून पाहावा. त्यात पायवाट एकेरी तुटक रेषेने आणि गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. लातूर-नांदेडच्या कित्येक शिवारांत आज त्या दुहेरी रेषेच्या जागी सोयाबीन उभे आहे, आणि जुलैमध्ये फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला माणूस बांधावरून तोल सांभाळत, वहाणा हातात धरून चालतो आहे.